तुम्ही विचारलंत म्हणून : एचपीव्ही निघाला, गोळ्या बंद करू का?

‘एचपीव्ही पॉझिटिव्ह आलाय, बायोप्सीत सीआयएन १. गर्भनिरोधक गोळ्या सहा वर्षं घेतेय. त्यांच्यामुळेच झालं का?’ असं पुष्कळ जणी विचारतात. (एचपीव्ही हा गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणारा विषाणू; सीआयएन म्हणजे तिथल्या पेशींतले कर्करोगाआधीचे बदल, १ ही त्यांची सर्वांत सौम्य पायरी.)

नाही. विषाणू शरीरसंबंधातून येतो, गोळीतून नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपसूक नाहीसा होतो. काहींच्यात तो ठाण मांडतो, विशेषतः १६ आणि १८ हे प्रकार. मग त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिनं पेशींच्या वाढीला लगाम घालणारी पी५३ आणि आरबी ही प्रथिनं निकामी करतात. गोळीचा वाटा असलाच तर या टप्प्यावर, आणि तोही विषाणूच्या जोडीने, एकटीचा नाही.

तो वाटा खोटा नाही. 2007 साली 24 अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. पाच वर्षांहून जास्त काळ गोळी घेत असलेल्यांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट निघाला. ‘दुप्पट’ ऐकून धडकी भरते, पण प्रत्यक्ष हिशेब असा: विकसनशील देशांत विशीपासून तिशीपर्यंत गोळी घेतल्यास पन्नाशीपर्यंत हजारात 7.3 ऐवजी 8.3 जणींना हा कर्करोग. गोळी थांबवल्यावर धोका उतरत जातो आणि दहा वर्षांत कधीच न घेतलेल्यांइतका होतो.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सीआयएन असलेल्यांना संयुक्त गोळी (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही असलेली) मनाई करत नाही. ती दुसऱ्या श्रेणीत आहे, म्हणजे फायदा सहसा धोक्याहून जास्त. बदलायचीच असेल तर कॉपर-टी पहिल्या श्रेणीत आहे, म्हणजे वापरावर काहीच बंधन नाही. पण आधी दुसरा उपाय सुरू करा, मग गोळी थांबवा. मधल्या काळात दिवस राहिले तर सीआयएनचे उपचारही बहुधा बाळंतपणापर्यंत लांबतात.

आणखी एक घोळ. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयमुखाच्या आतला नाजूक पेशींचा थर बाहेर दिसू लागतो: लालभडक, तपासणीचा ब्रश लागला की रक्त. त्याला ‘जखम’ समजून तपासणीआधीच जाळलं जातं. हे चूक. आधी एचपीव्ही किंवा पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची) तपासणी, गरज पडल्यास कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख पाहणं), मगच काय ते. नमुना देताना पाळी नको, आदले दोन दिवस योनीत औषध नको. गोळी मात्र चालू ठेवा.

सीआयएन १ ला सहसा उपचार लागत नाहीत, वर्षभराने फेरतपासणी लागते. बऱ्याच जणी गोळी सोडतात आणि ही तारीखही सोडतात. संबंधानंतर रक्त जात असेल तर मात्र तारखेची वाट बघू नका, आणि ‘गोळीमुळे असेल’ म्हणून अंगावरही काढू नका.