आर्मिडेलमधील नोंदी : कामाच्या शोधात

आर्मिडेल, १२ जुलै

आज आणखी एका अर्जातील निवडनिकषांची उत्तरे लिहून पूर्ण केली. ऑस्ट्रेलियात अर्ज करायचा म्हणजे कार्यपरिचय आणि प्रकाशनांची यादी जोडून भागत नाही. जाहिरातीतील प्रत्येक निकष आपण कोठे, केव्हा आणि कशा रीतीने पूर्ण केला, हे उदाहरणासह स्वतंत्रपणे मांडावे लागते. ‘मोठ्या जनुकीय माहितीसंचांच्या विश्लेषणाचा अनुभव’ हा निकष बहुतेक जाहिरातींत असतो आणि माझा सर्वाधिक वेळ त्याच्यापाशीच जातो. पशुआनुवंशिकी हा विषय मी महाराष्ट्रातील एका पशुवैद्यकीय महाविद्यालयात दीड तपाहून अधिक काळ शिकवला आणि दख्खनी मेंढ्यांवर संशोधन केले. या निकषाखाली त्या कामातले नेमके काय मांडावे, याचा विचार मात्र दर वेळी नव्याने करावा लागतो.

पत्नीला येथील रुग्णालयात चांगले काम मिळाले, म्हणून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तो निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतला होता आणि तो योग्यच होता, असे मला आजही वाटते. शिवाय आर्मिडेल हे माझ्यासाठी अनोळखी गाव नव्हते. न्यू साउथ वेल्समधील या लहानशा गावात १९७६ पासून अ‍ॅनिमल जेनेटिक्स अँड ब्रीडिंग युनिट हे पशुपैदाशीचे संशोधन केंद्र आहे. मांसाच्या गाईंसाठीची ‘ब्रीडप्लॅन’ ही आनुवंशिक गुणांच्या मूल्यमापनाची पद्धती तेथेच विकसित झाली. कोकरांच्या वाढीच्या नोंदींवरून आनुवंशिकतेचे प्रमाण, म्हणजे जनावरांतील फरकांत जनुकांचा वाटा किती ते, काढण्यासाठी मी जी ‘वॉम्बॅट’ ही संगणकप्रणाली वापरत आलो, तीही कॅरिन मेयर यांनी याच गावात लिहिली.

याहून जवळचा धागा फेक-बी या जनुकाचा आहे. मेंढीला एका वेळी किती पिले होतात, या गुणाची आनुवंशिकता फार कमी, साधारण एकदशांश किंवा त्याहूनही कमी असते. त्यामुळे केवळ निवडीने जुळ्यांचे प्रमाण वाढवायचे तर कित्येक पिढ्या जातात. बुरूला मेरिनो मेंढ्यांमध्ये मात्र हे काम फेक-बी हा एकच मोठा जनुक करतो, आणि त्यावरील पायाभूत संशोधन १९८० च्या सुमारास सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विज्ञानसंस्थेच्या आर्मिडेल येथील शास्त्रज्ञांनी केले. २००१ मध्ये त्या जनुकातील नेमका बदल सापडला आणि तोच बदल सुंदरबनातील लहानखुऱ्या गारोल मेंढीतही असल्याचे पुढल्याच वर्षी सिद्ध झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ऑस्ट्रेलियात आलेल्या मेंढ्यांतून तो येथे पोहोचला असावा, असे मानले जाते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोलमधील हा जनुक संकरातून दख्खनी मेंढीत आणला आणि त्या प्रकल्पात आर्मिडेलच्याच न्यू इंग्लंड विद्यापीठाचाही सहभाग होता. एखाद्या कळपात हा जनुक उतरल्यावर त्या कळपाचे आणि मेंढपाळाचे पुढे काय होते, हाच माझ्या आस्थेचा विषय आहे, आणि त्यासाठी जगात जी मोजकी गावे नजरेसमोर येतात त्यांत आर्मिडेल पहिले येईल.

असे असूनही काम मिळत नाही, याची कारणे आता पुरेशी स्पष्ट झाली आहेत. पीएचडीनंतरच्या संशोधकपदांवर पदवी अलीकडे घेतलेले उमेदवार हवे असतात आणि माझ्या पदवीला बराच काळ लोटला आहे. अधिव्याख्यात्याच्या पदासाठी या देशात मिळवलेले संशोधन अनुदान दाखवावे लागते. तंत्रज्ञाच्या जागेसाठी माझी पात्रता जास्त ठरते. पदवी लपवून अर्ज करण्याचा सल्लाही मला एकाने दिला, पण तो मला मान्य नाही. परिचितांपैकी पुष्कळ जण म्हणतात की, तुम्ही मुळात पशुवैद्य, तेव्हा दवाखान्यात काम करा. परंतु भारतीय पदवीवर येथे थेट नोंदणी होत नाही, त्यासाठी ऑस्ट्रेलेशियन पशुवैद्यक परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्या प्रात्यक्षिक भागात लागणारा चिकित्सेचा सराव माझा कधीच सुटला आहे. ती परीक्षा देणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. माझा मार्ग तो नव्हे.

गेल्या महिन्यातील मुलाखतीत एका सदस्याने विचारले की, तुमच्या विश्लेषणात किती जनावरांच्या नोंदी होत्या? मी आकडा सांगितला. जेथे वर्षाला लाखो कोकरांच्या नोंदी आपोआप संगणकात येतात, तेथे तो लहानच वाटणार. म्हणून त्या नोंदी कशा जमल्या, हेही मी सांगितले. माण आणि खटावकडील धनगरांचे कळप दिवाळीनंतर बाहेर पडतात. वाड्यावर, म्हणजे त्यांच्या मुक्कामाच्या तळावर, पोहोचायचे ते उजाडण्यापूर्वी, कारण एकदा वाघर, म्हणजे कळपाभोवतीचे जाळे, उघडली की कळप दिवसभर हाती लागत नाही. ताणकाट्याला झोळी अडकवून कोकरू तोलायचे, त्याच्या कानात बिल्ला मारायचा आणि आई कोणती ते मेंढपाळाच्या घरातील बाईला विचारायचे. प्रत्येक कोकराची आई तिला बिनचूक ठाऊक असते. बाप मात्र सांगता येत नाही, कारण कळपात दोन-तीन मेंढे एकत्र असतात. तेव्हा रक्ताचे नमुने घेऊन पितृत्व ठरवावे लागे. एका कळपाची दुसऱ्याशी तुलना करता यावी म्हणून पैदाशीचा एकच मेंढा आळीपाळीने निरनिराळ्या वाड्यांवर न्यावा लागे, आणि ज्याच्या कळपात त्याला सोडायचे त्या मेंढपाळाला ते आधी पटवून द्यावे लागे. एका वृद्ध मेंढपाळाने तेव्हा मला विचारले होते, “डाक्टर, वाटंत दोन झाली तर पाजायची कुनी?” त्या एका प्रश्नामुळे आमच्या अभ्यासाची दिशा बदलली, आणि जन्मलेल्या कोकरांऐवजी तीन महिन्यांची होऊन विकली गेलेली कोकरे किती, हे आम्ही मोजू लागलो.

मुलाखत घेणाऱ्यांनी हे सारे लक्षपूर्वक ऐकले. ती जागा नंतर दुसऱ्या उमेदवाराला मिळाली, आणि त्यांना जे गणिती काम करून घ्यायचे होते ते पाहता ती निवड रास्त होती. डीएनएमधील पन्नास हजार चिन्हकांची, म्हणजे ठरावीक खुणांची, माहिती आणि वंशावळ एकत्र घेऊन एकाच टप्प्यात मूल्यमापन करण्याची पद्धत मला तत्त्वतः कळते, परंतु रोजच्या वापरातून येणारा तिचा हातखंडा माझ्याकडे अजून नाही. त्यासाठी रात्री अभ्यास चालू आहे आणि माझ्याच जुन्या नोंदींवर ती पद्धत चालवून पाहत आहे.

गुरुवारी गावाबाहेरच्या एका मेंढीपालकाकडे गाभण तपासणी पाहायला गेलो होतो. थंडी कडाक्याची होती आणि कुरणावर दहिवर पांढरे पडले होते. एकेक मेंढी अरुंद पिंजऱ्यात येई, खाली बसलेला तपासनीस तिच्या जांघेपाशी सोनोग्राफीचे यंत्र टेकवी, पडद्याकडे पाहून एक किंवा दोन असे म्हणे, आणि जुळे असेल तर पाठीवर रंगाचा फवारा पडे. एका मेंढीला काही सेकंदच लागत. रंग लागलेल्या मेंढ्या वेगळ्या काढून चांगल्या कुरणावर नेल्या गेल्या, कारण एकट्या कोकरापेक्षा जुळ्यांची मरतूक येथेही बरीच जास्त असते. दोन झाली तर पाजायची कोणी, हा प्रश्न येथे कोकरे जन्मण्याच्या दोन महिने आधीच हाती घेतला जातो. मी त्या मालकाला कोकरांच्या मरणाच्या नोंदी आईनिहाय ठेवता का, असे विचारले. त्याने ठेवत नसल्याचे सांगितले. इतक्या मोठ्या कळपात व्यायच्या वेळी प्रत्येक मेंढीपाशी माणूस उभा राहू शकत नाही. म्हणजे माहितीचा इतका मोठा साठा असलेल्या या देशातही नेमकी हीच नोंद बहुतेक कळपांत होत नाही, आणि मला तर आयुष्यभर हेच काम करता आले आहे.

म्हणून आजच्या अर्जात त्या निकषाखाली मी जनावरांच्या संख्येपासून सुरुवात केली नाही. वंशावळ नसलेल्या, फिरत्या कळपांत विश्वासार्ह नोंदी उभ्या कशा केल्या, त्यांतील चुका कशा शोधल्या आणि मेंढपाळाला त्यातून काय परत दिले, हे आधी लिहिले, विश्लेषण त्यानंतर. शिफारसपत्रासाठी पूर्वीच्या विभागप्रमुखांना उद्या दुपारी फोन करायचा आहे. भारतातील घड्याळ साडेचार तास मागे असल्याने त्यांना तो सकाळी मिळेल.

गुरुवारच्या त्या मेंढीपालकाने सप्टेंबरमध्ये व्यायच्या हंगामात नोंदी घेण्यासाठी येता का, असे काल निरोप पाठवून विचारले. काम हंगामी आहे, पैसे बेताचे आहेत आणि पहाटेपासून कुरणात राहावे लागेल. मी होकार कळवला आहे. मेलेल्या प्रत्येक कोकराची आई आणि वजन नोंदवू द्यावे, आणि ती माहिती त्यांच्या प्रजनन सल्लागारासोबत बसून मला तपासता यावी, एवढी अट मी घातली आहे. त्यावर त्याचे उत्तर यायचे आहे.