एका फिल्टरखाली दोन रिंगा

जानेवारीतला सोमवार, सकाळचे पावणेआठ. गॅरेजचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं आणि फोन वाजला.

"भाऊ, तेलाचा लाल लाइट लागला न. मागे रस्त्यावर काळा पट्टाच पडला आहे."

"इंजिन बंद केलं का?"

"हो, लाइट दिसल्याबरोबर कडेला घेतली अन् बंद केली. एकदा स्टार्ट करून आवाज ऐकवू का तुम्हाला?"

"अजिबात नाही. किल्ली काढून खिशात टाका."

गाडी 1200 सीसीची पेट्रोल हॅचबॅक. नागपूरच्या मनीषनगरहून बुटीबोरीला ड्यूटीवर निघालेली, वर्धा रोडवर चिंचभवनच्या पुढे थांबलेली. आदल्याच दिवशी, रविवारी, मालकाने सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः ऑइल आणि फिल्टर बदलला होता. हे ऐकलं आणि निम्मं निदान फोनवरच झालं. ऑइल बदलल्यानंतर चोवीस तासांत तेल धबाधबा गळलं, तर संशयित दोनच : ड्रेन बोल्ट (जुनं तेल काढायचा खालचा बोल्ट) किंवा फिल्टर. थेंब थेंब गळत असेल तर बोल्टचा वायसर. पट्टा पडला असेल तर बहुतेक वेळा फिल्टरच.

त्या लाल दिव्याबद्दल एक गैरसमज मला रोज भेटतो. लोकांना वाटतं, दिवा लागला म्हणजे तेल थोडं कमी झालं, पंपावर पोहोचून लिटरभर टाकू. तो दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे. दाब साधारण अर्ध्या बारच्याही खाली आला की स्विच तो लावतो. म्हणजे दिवा दिसतो तेव्हा क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगमधली तेलाची फिल्म तुटायच्या बेतात असते किंवा तुटलेली असते. त्यानंतरचा हिशेब किलोमीटरमध्ये नाही, सेकंदांत होतो. या माणसाने दहा-बारा सेकंदांत इंजिन बंद केलं होतं. पुढचं सगळं त्याच्यामुळे सोपं झालं.

टोइंगवाला येईपर्यंत त्याला एक काम सांगितलं : बाजूची माती, मुरूम जे मिळेल ते रस्त्यावरच्या तेलावर टाकायचं. सकाळच्या शिफ्टला त्या रस्त्यावर दुचाक्या किती असतात ते सांगायला नको. दोन-अडीच लिटर तेलावर पुढचं चाक गेलं की माणूस आडवा.

गाडी रॅम्पवर घेतली. खालचं कव्हर तेलाने न्हालेलं, सायलेन्सरच्या पाइपावर तेल भाजल्याचा वास. बेल्ट मात्र कोरडा होता. त्यावर तेल उडालं असतं तर तोही बदलावा लागला असता, कारण तेल प्यालेलं रबर फुगतं. ड्रेन बोल्ट कोरडा. फिल्टरच्या बैठकीतून मात्र एका बाजूने काळी रबराची जीभ बाहेर लोंबत होती, दोन इंच तरी.

फिल्टर हाताने सैल केला. खाली आला तेव्हा त्याच्या तोंडावर त्याची स्वतःची रबराची सील-रिंग जागच्या जागी, नवी, चकचकीत. आणि इंजिनच्या बैठकीवर दुसरी एक रिंग, अर्धी चिकटलेली, अर्धी बाहेर आलेली. जुन्या फिल्टरची. मालकाने जुना फिल्टर पिशवीत बांधून डिक्कीत ठेवला होता, हे बरं केलं. काढून पाहिला तर त्याच्या तोंडावरची खाच रिकामी. पुरावा पूर्ण.

जुनी रिंग मागे राहते कशी? आधीचा फिल्टर दोन वर्षं आणि सोळा हजार किलोमीटर तसाच होता. बसवताना कुणीतरी रिंगला तेल लावलं नव्हतं आणि वरून पान्याने आवळला होता. इंजिनची उष्णता खाऊन रबर कडक झालं, चपटं झालं आणि अॅल्युमिनियमच्या बैठकीला डकलं. फिल्टर फिरवला, पत्र्याचा डबा सुटून हातात आला, रिंग वरच राहिली. खालून, जमिनीवर आडवं पडून, मोबाइलच्या टॉर्चमध्ये तेलाने माखलेल्या काळ्या बैठकीवर काळी रिंग दिसत नाही. आमच्या गॅरेजमध्ये रॅम्पवर, डोक्यावर ट्यूबलाइट असताना शिकाऊ पोरंही फसतात, तर पार्किंगमध्ये पहिल्यांदा करणाऱ्याला दोष काय देणार?

मालकाचा प्रश्न रास्त होता : "मग काल का नाही गळलं? पाच मिनिटं चालू ठेवून खाली वाकून पाहिलं होतं मी."

रविवारी दुपारी इंजिन नुसतं आयडलवर चाललं. तेवढ्या दाबाला दोन रिंगांचा ढिगारा टिकतो. सोमवारी पहाटेची थंडी, पारा दहाच्या आसपास. रात्रभर गारठलेलं तेल घट्ट. घट्ट तेल पंपाने ढकललं की दाब चार-पाच बारपर्यंत चढतो. त्यात हायवेला लागल्यावर त्याने गिअर टाकून रेस दिली. दोन रिंगांमध्ये तेलाचा थर, म्हणजे घसरगुंडीच. वरची रिंग ज्या बाजूला थोडी कमी दाबली गेली होती तिथून बाहेर सरकली. एकदा वाट मिळाली की पंप ऐकत नाही. वेगात असलेल्या इंजिनचा पंप मिनिटाला दहा लिटरांहून जास्त तेल फिरवतो, आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात, एकूण साडेतीनच्या आसपास. चेंबरमधलं उरलेलं मोजलं तर 800 मिली निघालं. बाकीचं पावणेतीन लिटरच्या आसपास रस्त्यावर.

आता खरा प्रश्न : इंजिन वाचलं की गेलं? इथे घाई करणारे मेकॅनिक थेट तेल ओतून स्टार्टर मारतात. मी आधी बैठक साफ केली, बोट फिरवून रबराचा कण राहिला नाही ना ते पाहिलं, नवा फिल्टर आणि नवं तेल टाकलं. मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे इंजिन फिरेल पण पेटणार नाही. ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी गेज लावला. स्टार्टर दहा सेकंद, मग अर्धा मिनिट विश्रांती, पुन्हा दहा सेकंद. दुसऱ्या खेपेला काटा हलला. कोरड्या गॅलऱ्यांमध्ये, म्हणजे इंजिनातल्या तेलाच्या वाटांमध्ये, तेल पोहोचल्याशिवाय इंजिन पेटवायचं नाही, हा माझा नियम आहे.

फ्यूज लावून सुरू केलं. पहिले दोन सेकंद वरून चेनचा खळखळाट आला, मग थांबला. टाइमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, रिकामा झाला होता, भरला की गप्प. खालून ठोक येतो का हे ऐकायचं होतं, रेस देऊन सोडताना येणारा जड, दबका ठोक. तो नव्हता. थंड असताना आयडलला गेज 3 बार. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून थांबेपर्यंत गरम केलं, आयडलला 1.2, दोन हजार आरपीएमला 2.6. हे आकडे निरोगी इंजिनचे. बेअरिंग खाल्लेली असती तर गरम झाल्यावर आयडलचा काटा पडला असता. थंड इंजिनवरचा आकडा फसवा असतो, घट्ट तेल झिजेला झाकून घेतं.

तरीही ते तेल दहा मिनिटांनी काढलं. पांढऱ्या पातेल्यात घेऊन उन्हात धरलं. फिल्टर कापला, पण हॅक्सॉने नाही, कारण करवतीचा लोखंडी भुसा आत पडतो आणि मग इंजिनचं लोखंड कोणतं आणि करवतीचं कोणतं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. फिल्टर कटरने कडा कापली, आतला घड्या घातलेला कागद ब्लेडने सोडवला, फडक्यात गुंडाळून वायसमध्ये पिळला, मग उलगडून पाहिला. लोहचुंबकाला चिकटणारं काही नाही. चुंबकाला न चिकटणारी चमचमही नाही. ती चमचम असती तर बेअरिंगच्या थराची, आणि मग चेंबर उघडण्याशिवाय मार्ग नव्हता. तेल दोनदा लागलं, मालकाला ते जरा जड गेलं. अर्ध्या इंजिनच्या खर्चापुढे ते काहीच नाही, असं माझं मत.

त्याने घरी केलेलं बाकीचं कामही तपासलं. गाडी जॅकस्टँडवर घेतली होती, मागच्या चाकांना विटा लावल्या होत्या. ते उत्तम. नुसत्या गाडीसोबतच्या जॅकवर खाली शिरणारे मी पाहिले आहेत. इंजिन पाचेक मिनिटं गरम करून मग तेल काढलं, तेही बरोबर. कोमट तेल पातळ असतं, गाळ सोबत घेऊन उतरतं, आणि हात भाजत नाही. वीस मिनिटं निथळू दिलं होतं.

चूक बोल्टवर होती. 17 च्या पान्याला पाइप लावून आवळलेला. या बोल्टला 35 ते 45 न्यूटन मीटर पुरतं. टॉर्क पाना नसेल तर हिशेब असा : वीस सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर साधारण वीस किलोचा जोर. पाइप लावला की तोच जोर दुप्पट-तिप्पट होतो आणि बोल्ट स्टीलचा असला तरी कित्येक गाड्यांत चेंबर अॅल्युमिनियमचं असतं. आटे निघाले की दुरुस्तीचा खर्च दहा वर्षांच्या वायसरांपेक्षा जास्त. वायसर त्याने जुनाच वापरला होता, म्हणून पाझरू नये या भीतीने आवळलं. उलटा व्यवहार झाला. हा वायसर एकदाच दाबला जाण्यासाठी असतो, दर वेळी नवा टाकला की हलक्या हातानेही सील होतं. नशिबाने आटे शाबूत होते.

तेल त्याने मॅन्युअलमधलंच, 5डब्ल्यू-30 घेतलं होतं. "पण नागपूरच्या उन्हात 20डब्ल्यू-50 टाकायला पाहिजे होतं का?" हे त्याने विचारलंच. मे महिन्यात 45 अंश पाहणाऱ्या गावात हा प्रश्न सुटत नाही. पण बाहेर 45 असो की 10, थर्मोस्टॅट इंजिनला त्याच्या ठरलेल्या तापमानाजवळ ठेवतो, आणि तेलाचा दुसरा आकडा (5डब्ल्यू-30 मधला 30) मोजतातच 100 अंशांवर. 30 चं तेल त्या तापमानाला 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक (तेलाच्या जाडीचं माप), 50 चं 16.3 ते 21.9. बारीक गॅलऱ्यांच्या आजच्या इंजिनला जाड तेल म्हणजे मायलेज कमी आणि सकाळी वरच्या कॅमपर्यंत पोहोचायला उशीर. जुन्या, झिजलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी.

मात्रा 3.6 लिटर, फिल्टरसकट. बाजारातली बाटली साडेतीनची. त्यामुळे लोक एक तर कमी ठेवतात किंवा दुसरी फोडून ओततच जातात. आधी 3 लिटर ओतायचं, इंजिन सुरू करायचं, दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, दोन मिनिटं चालवून बंद. रिकाम्या फिल्टरने पाव लिटरच्या आसपास तेल गिळलेलं असतं. दहा मिनिटं थांबून, सपाट जागेवर, तेल मोजायची पट्टी पुसून पाहायची आणि मग थोडं थोडं टाकायचं. वरच्या खुणेच्या पलीकडे नको. क्रँक तेलात बुडून घुसळायला लागला की ताक होतं, आणि फेसातून दाब धरत नाही.

नवा फिल्टर चढवताना मी त्याला शेजारी उभं केलं. बैठक कोरड्या फडक्याने पुसून बोट पूर्ण गोल फिरवायचं : नुसता गुळगुळीत धातू लागला पाहिजे. नव्या रिंगला बोटाने नवं तेल चोपडायचं. हाताने फिरवत न्यायचा, रिंग बैठकीला टेकली की तिथे मार्करने खूण करायची आणि तिथून पाऊण फेरा, हातानेच. पाना फक्त काढण्यासाठी असतो. मग सुरू करून दोन-तीन वेळा तीन हजारपर्यंत रेस द्यायची आणि खाली टॉर्च मारून बघायचं. नुसत्या आयडलवर पाहणी पूर्ण होत नाही, हे त्याला वर्धा रोडवर कळलंच होतं.

खालचं तेल साबणाच्या पाण्याने धुतलं. डिझेलने धुवायची आपल्याकडे सवय आहे, ती बुश आणि रबरांना मारक. धुतलेलं पाणी गटारात सोडलं नाही. त्याच्याकडच्या कॅनमधलं रविवारचं जुनं तेलही आमच्या ड्रममध्ये ओतून घेतलं, ते परवानाधारक रिसायकलरकडे जातं. सोसायटीच्या नालीत टाकलेलं तेल नाग नदीत जातं, तिथून कन्हान, वैनगंगा आणि गोसेखुर्दच्या धरणात.

पाचशे किलोमीटरने गाडी पुन्हा आणली. पट्टीवर पातळी जागची हललेली नव्हती, फिल्टरची कडा कोरडी, धूळ बसलेली. जाता जाता त्याने विचारलं, "पुढच्या खेपेला घरी करू का भाऊ?"

"करा ना. फक्त जुना फिल्टर काढला की त्याच्या तोंडाचा फोटो पाठवा. त्यात रिंग दिसली की मगच नवा चढवा."