१९१६ चा पेपर आणि आमचा फॅमिली ग्रुप

आज नेट-सेटच्या तयारीला म्हणून लायब्ररीत बसले आणि दुपारभर बाबासाहेबांचा 'कास्ट्स इन इंडिया' हा पेपरच वाचत राहिले. ९ मे १९१६, कोलंबिया युनिव्हर्सिटी, गोल्डनवायझरांचा मानववंशशास्त्राचा सेमिनार, वय अवघं २५! आणि मुद्दा काय काढलाय बघा, जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावूनच, मग नवरा मेला की बाई जास्तीची उरते, ती जातीबाहेर लग्न करेल म्हणून सती नाहीतर सक्तीचं वैधव्य, आणि विधुराला मात्र वयात न आलेली पोरगी. एवढं भयंकर सगळं, पण लिहिलंय गणित सोडवल्यासारखं, आवाज कुठे चढतच नाही, मला तर तेच जास्त लागलं. तेवढ्यात ग्रुपवर आत्याने चुलतभावाचा बायोडेटा टाकला, खाली ठळक अक्षरात 'अपेक्षा : स्वजातीय'. सगळ्यांचे अंगठे पडलेत, माझाच बाकी आहे.