डव्हकॉट उठला, दोन रात्री घेऊन

पहाटेचे पावणेतीन वाजलेत आणि डव्हकॉटच्या, म्हणजे मेलबॉक्स उघडून देणाऱ्या सर्व्हरच्या, ९९३ पोर्टवर लॉगिन झालं. आईच्या मेलबॉक्समधली सगळी जुनी पत्रं जागच्या जागी आहेत. शुक्रवारी रात्री घरच्यांच्या मेल सर्व्हरवरचं लिनक्स डेबियन १२ वरून १३ वर नेलं, तेव्हापासून जिवाला घोर लागला होता.

मागच्या नोंदीत डीकेआयएमची (पाठवलेल्या मेलवरच्या सहीची) नवी किल्ली लावून झाली होती. आता रेप्लिकेशन (मेलबॉक्सची दुसऱ्या मशीनवर सतत प्रत) करायचं ठरलं होतं, ते तसंच राहिलं. अपग्रेड विनातक्रार झालं, रीबूट केलं, मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स उठला आणि डव्हकॉट पडलेला. सेवांची स्थिती दाखवणारं सिस्टिमसीटीएल नुसतं 'फेल्ड' सांगून गप्प. जर्नलमध्ये (सिस्टिमच्या लॉगमध्ये) मात्र कारण स्पष्ट होतं: कॉन्फिग फाइलमधली पहिली सेटिंग 'डव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन' हवी, तुमची 'प्रोटोकॉल्स' आहे.

डेबियन १२ मध्ये डव्हकॉट २.३ होता, १३ मध्ये २.४.१ आहे. आकडा दशांशाने पुढे गेलाय, पण कॉन्फिगचं व्याकरणच बदललंय. वरच्या ओळीत व्हर्जन टाकलं, तर 'स्टोरेज_व्हर्जन'ही मागितलं. तेही दिलं, तर 'एसएसएल_सर्ट' ओळखीची नाही म्हणे. तिचं नाव आता 'एसएसएल_सर्व्हर_सर्ट_फाइल', आणि पाथच्या आधीचं < हे चिन्हही काढायचं. मग पत्रं कुठे ठेवायची ते सांगणारं 'मेल_लोकेशन' गेलं, त्याचे 'मेल_ड्रायव्हर' आणि 'मेल_पाथ' असे दोन तुकडे झालेत. पासडीबीला (पासवर्ड कुठे तपासायचे तो भाग) नाव द्यावं लागतं. प्लगइनचा अख्खा ब्लॉकच बाद.

कॉन्फिग तपासणारा डव्हकॉन्फ पहिल्या चुकीपाशीच थांबतो, हा खरा जाच. एक दुरुस्त करा, चालवा, पुढची चूक बघा. पहिली रात्र यातच गेली. अकराव्या चुकीला हात टेकले आणि बेत बदलला: जुनी फाइल बाजूला ठेवली, कोऱ्या फाइलमध्ये फक्त आयमॅप आणि एकच युजर एवढ्याच ओळी लिहिल्या. डव्हकॉट पहिल्या झटक्यात उठला! जुनी फाइल ठिगळं लावत चालवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे. २.४ वर जाणार असाल तर सुरुवातच अशी करा.

यात एक खाच आहे, ती सांगतोच. लॉगिन झालं आणि इनबॉक्स रिकामा दिसला. पोटात गोळाच आला. डिस्कवर सगळं सुरक्षित होतं. माझ्या जुन्या पाथमध्ये %डी (डोमेन) आणि %एन (युजरचं नाव) या टोपणखुणांनंतर '/मेलडिर' होतं. नव्या पद्धतीने लांबलचक कंस लिहिताना शेवटचा तो भाग गळला, आणि डव्हकॉटने इमानदारीने दुसरीकडे नवे रिकामे फोल्डर तयार केले. नशिबाने ९९३ फायरवॉलवर बंद ठेवूनच चाचणी चालली होती, त्यामुळे घरच्यांच्या फोनना तो रिकामा बॉक्स दिसलाच नाही. ही सवय सोडू नका.

पोस्टफिक्सने या काळात लाज राखली. एसएएसएल (डव्हकॉटकडून होणारी लॉगिनची तपासणी) मी फक्त ५८७ च्या, म्हणजे घरच्यांनी मेल पाठवायच्या, सर्व्हिसला दिलंय, सगळीकडे नाही. म्हणून डव्हकॉटचं सॉकेट नसतानाही २५ वरून बाहेरचं मेल येत राहिलं आणि क्यूमध्ये थांबलं. लॉगमध्ये दर थोड्या वेळाने 'प्रायव्हेट/डव्हकॉट-एलएमटीपी: नो सच फाइल' येत होतं. क्यूची डिफॉल्ट मुदत पाच दिवसांची, हातात वेळ होता. एलएमटीपीचा (पोस्टफिक्सकडून डव्हकॉटला पत्र सोपवण्याचा) लिसनर नव्या फाइलमध्ये टाकला, क्यूमधली पत्रं लगेच पाठवायला 'पोस्टक्यू -एफ' दिलं आणि ४१ पत्रं एकेक करून 'सेंट' होताना बघत बसलो. त्या दोन मिनिटांनी दोन रात्रींचा शीण उतरला.

व्हीपीएसवाल्याचा (भाड्याने सर्व्हर देणाऱ्याचा) ब्राउझरमधला कन्सोल मात्र बदलायलाच हवा. त्यात पेस्ट केलेल्या ओळीतले महिरपी कंस गायब होतात, अर्धा तास त्यातच गेला. एसएसएच (दुरून थेट लॉगिन) चालू असेल तर तिकडे फिरकूच नका.

रेप्लिकेशनचा जुना बेत आता मोडीत. २.४ मधून ते करणारा रेप्लिकेटर काढलाय, हे मला आज कळलं. 'डव्हअ‍ॅडम बॅकअप' सिस्टिमडीच्या टायमरवर दर तासाला दुसऱ्या मशीनवर चालवावं असं वाटतंय. घरात पाचच मेलबॉक्स आहेत, एवढं पुरेल. लिहिता लिहिता सुचलं, /ईटीसी (कॉन्फिग फाइलींचा फोल्डर) आधी बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये टाकतो, जुन्या-नव्या फाइलचा फरक शेजारी-शेजारी दिसेल.

सीव्ह (पत्रं आपोआप फोल्डरांत लावणारे नियम) अजून बाकी आहे. बाबांची वीजबिलं सध्या इनबॉक्समध्येच पडताहेत.