कार्ने असादा, सातवा प्रयत्न: पिठूळ मांसाचं कारण सापडलं

मंडळी, काल कार्ने असादा, म्हणजे मेक्सिकन पद्धतीने निखाऱ्यावर भाजलेलं बीफ, जमलं! मागच्या दोन्ही वेळा लिंबाच्या रसात रात्रभर मुरवलेला स्कर्ट (बीफचा पोटाकडचा पातळ तुकडा) सकाळी डब्यातून काढला, तर कडा करड्या-पांढऱ्या आणि बोटाने दाबलं की वरचा थर पिठूळ. जाळीवर टाकल्यावर चर्र आवाज नाही, नुसती वाफ. वरून रंग येईपर्यंत आतून वातड. मी आधी खाटकाला दोष दिला, मग कोळशाला. चूक निघाली वेळेची.

लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5च्या आसपास असतो. तो 12 तास लागून राहिला की वरची प्रथिनं आगीशिवायच आळतात, सेविचेत, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या माशाच्या पदार्थात, माशाचं होतं तसंच. आणि इतकं करून आंबटपणा आत जेमतेम काही मिलिमीटर शिरतो. खोल जातं ते मीठ.

म्हणून दोघांची कामं वेगळी केली. आदल्या रात्री किलोला 12 ग्रॅम मीठ चोळून मांस फ्रीजमध्ये उघडंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी फक्त दीड तास मॅरिनेड: अर्धी वाटी संत्र्याचा रस, लिंबू एकच, सहा पाकळ्या लसूण, हालापेन्यो मिरची, भाजलेलं जिरं, थोडं तेल आणि कोथिंबिरीचे देठ ठेचून. संत्र्याची सालही किसून घातली. खरा वास सालीतल्या तेलात आहे. मग कागदाने अगदी कोरडं होईस्तोवर पुसलं. मेस्कीटच्या लाकडाच्या निखाऱ्यावर दोन-दोन मिनिटं. तो चर्र आवाज ऐकला आणि जीव भांड्यात पडला! उरलेली लिंबं ताटात पिळली.

लिंबं मात्र छोटी मेक्सिकनच घ्या. ती म्हणजे आपलं कागदी लिंबूच, जातही तीच. बिनबियांच्या मोठ्या पर्शियन लिंबाला तो वास नाही. आणि इथे टेक्सासात दुकानांतून तयार मुरवलेलं मांस मिळतं, ते घेऊ नका. आंबटात किती दिवस पडलंय कळत नाही. कार्नीसेरियात, म्हणजे मेक्सिकन खाटकाच्या दुकानात, आउटसाइड स्कर्ट मागा, इनसाइड स्कर्टपेक्षा तो मऊ. धागे आडवे कापायला विसरू नका.

पुढच्या रविवारी फ्लँक (बीफचाच दुसरा तुकडा) करणार होते. पण हे लिहिताना मेक्सिकोतल्या युकातानची नारांहा आग्रिया आठवली, तिकडचं आंबट संत्रं. (नारांहा आणि आपलं नारिंग, शब्दाचं मूळ एकच!) लिंबू आणि संत्रं मिसळून मी जे साधतेय, ते त्या एकाच फळात आहे. फ्लँक थांबेल. उद्याच कार्नीसेरियाशेजारच्या फळवाल्याकडे विचारते.