घरच्या घरी बुलेटचं पुढचं चाक बॅलन्स केलं त्याचा अनुभव

माझी बुलेट म्हणजे रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे, २०१६ ची, स्पोकची चाकं, ट्यूबवाले टायर. दिवाळीनंतर पुढचा टायर बदलून घेतला आणि तिसऱ्याच दिवशी कात्रज-देहूरोड बायपासला लक्षात आलं की ७५ च्या पुढे गेलं की हँडल बारीक थरथरतंय. आता बुलेट आणि थरथर हे सांगायची काय गरज, असं सगळेच म्हणाले, मलाही पहिले दोन दिवस तसंच वाटलं. मग एकदा रिकामा उतार बघून ८० ला क्लच दाबला आणि गाडी तशीच पळू दिली. इंजिन आयडलला आलं तरी थरथर तीच, आणि स्पीड ६५ च्या खाली आल्यावर आपोआप गायब. म्हणजे इंजिन नाही, चाक. ते बॅलन्स करायला हवं, म्हणजे गोल सगळीकडे वजन सारखं.

टायर घातला त्या दुकानात गेलो तर तो म्हणाला, "दादा, स्पोकच्या चाकाला कुठं बॅलन्सिंग असतं, ते फोर व्हीलरला." अजून दोन ठिकाणी विचारलं, एकाकडे मशीन होतं पण ते कारचं, दुसरा म्हणाला सोडून जा, संध्याकाळी बघू. तो "बघू" ऐकला आणि ठरवलं की आपणच करू.

आधी थोडा हिशोब केला, कारण वीसेक ग्रॅमने एवढं काय होतंय असं मलाही वाटत होतं. पुढचा टायर ९०/९०-१९, म्हणजे ८० च्या स्पीडला चाक सेकंदाला साधारण ११ वेळा फिरतं. रिमवर एका बाजूला २० ग्रॅम जास्त असतील तर त्या स्पीडला ते सव्वादोन किलोच्या जोराने बाहेर ओढतात, वर, पुढे, खाली, मागे, सेकंदाला ११ वेळा. आणि स्पीड दुप्पट झाला की हा जोर चौपट. म्हणून गल्लीत काही कळत नाही आणि हायवेवर हात बधिर होतात.

रविवारी पार्किंगमध्ये गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिनखाली लाकडी ठोकळे दिले आणि चाक काढलं. चाक काढलं की डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमधल्या दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठा घालायचा होता तो विसरलो, आणि माझा सात वर्षांचा भाचा गाडीवर चढून "ढुर्रर्र" करत ब्रेक दाबून मोकळा झाला. पॅड एकमेकांना चिकटले. स्क्रूड्रायव्हरने ते परत मागे ढकलण्यात अर्धा तास गेला, भाच्याला आईसक्रीम देऊन वर पाठवला.

पहिला प्रयत्न एकदम साधा. अ‍ॅक्सल चाकात घातला, दोन लोखंडी स्टुलांवर ठेवला आणि चाक हळूच फिरवलं. जड बाजू खाली येऊन थांबली पाहिजे ना? चार वेळा फिरवलं, चार ठिकाणी थांबलं. मला वाटलं चाक एकदम बॅलन्स्ड आहे, उगाच काढलं. मग ट्यूब पेटली की हबमधले (चाकाच्या मधल्या भागातले) ऑइल सील, म्हणजे रबरी कड्या, चाकाला घट्ट धरून बसलेत, दहा-वीस ग्रॅमचा फरक त्यांच्यापुढे काय दिसणार.

बुधवारी जुन्या बाजारातून चार छोटी बेअरिंग आणली, ६०८ नंबरची, स्केटिंगच्या चाकात असतात ती, ८ मिमी भोक आणि २२ मिमी बाहेरून. पेट्रोलमध्ये धुऊन आतलं ग्रीस पूर्ण काढलं, नाहीतर तीपण जड फिरतात. दोन फळ्यांवर दोन-दोन शेजारी बोल्टने बसवली आणि अ‍ॅक्सलची टोकं त्या जोड्यांच्या खाचेत ठेवली. आता चाक आणि अ‍ॅक्सल दोन्ही मिळून फिरायला लागले, म्हणजे सील घट्ट असलेले उलट बरेच झाले! स्पीडोमीटरचा गिअर काढून ठेवला होता, डिस्क मात्र चाकावरच, कारण ती चाकाबरोबर फिरते. आता चाक झुलत झुलत प्रत्येक वेळी एकाच जागी थांबायला लागलं. तिथे खडूने खूण केली, आणि बरोबर त्याच्या समोर, वरच्या बाजूला, रिमवर सेलोटेपने नाणी चिकटवायला सुरुवात केली. माझ्याकडची दहाची नाणी ७.७१ ग्रॅमची, पाचची ६ ग्रॅमची, त्यामुळे वेगळी वजनं लागत नाहीत. दहाची पाच आणि पाचचं एक लागल्यावर चाक कुठेही सोडलं तरी जागेवर राहायला लागलं. म्हणजे साडेचव्वेचाळीस ग्रॅम! हे मला जरा जास्तच वाटलं.

मग टायर नीट बघितला. साइडवॉलवर पिवळा ठिपका होता, तो टायरची हलकी बाजू दाखवतो आणि वॉल्वजवळ यायला पाहिजे, कारण वॉल्वपाशी वजन जास्त असतं. माझा ठिपका जवळजवळ समोरच्या बाजूला. शिवाय रिमच्या कडेजवळ टायरवर जी बारीक रेघ गोल फिरते ती सगळीकडे सारख्या अंतरावर हवी, तर वॉल्वपाशी ती रिमच्या आत गेलेली, म्हणजे टायर तिथे नीट बसलाच नव्हता. हे मी चाक काढायच्या आधी बघायला पाहिजे होतं.

हवा सोडली. बीड, म्हणजे रिममध्ये बसणारी टायरची कडा, काही सुटेना, वर उभा राहून नाचलो तरी नाही. शेवटी शेजारच्या काकांची स्प्लेंडर आणली, टायरच्या कडेवर तिचा साइड स्टँड टेकवला आणि काकांना म्हणलं गाडी हळूहळू माझ्याकडे झुकवा. "मोडला तर तू देणार का नवीन स्टँड?" असं म्हणत म्हणत त्यांनी झुकवली आणि फट् करून कडा सुटली. टायर फिरवून ठिपका वॉल्वला लावला, आत टाल्कम पावडर, कडेला साबणाचं पाणी. आणि शेवटच्या वीतभर कडेला लिव्हरने जोर लावताना ट्यूब चिमटली. पंक्चरवाल्याने बादलीत ट्यूब बुडवून शेजारी शेजारी दोन बुडबुडे दाखवले, "घरी केलं का?" एवढंच विचारलं. दुसऱ्यांदा ट्यूबमध्ये थोडी हवा ठेवून, बीड समोरच्या बाजूला रिमच्या खोलगट भागात पायाने दाबून घातला, मग लिव्हर फार लागलाच नाही. हवा ४० पीएसआयपर्यंत भरली, रेघ सगळीकडे सारखी आली, मग मॅन्युअलप्रमाणे कमी केली.

परत फळ्यांवर. या वेळी दहाची दोन आणि पाचचं एक, २१.४ ग्रॅम. निम्म्याहून जास्त वजन नुसतं टायर फिरवून गेलं.

चिकटवायची वजनं मला स्पोकच्या रिमवर भरवशाची वाटत नाहीत, म्हणून पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळून जाड सोल्डर वायर आणली, किचनच्या काट्यावर २१ ग्रॅम तोलली (बायकोने काटा धुवून ठेवायला लावला), दोन तुकडे करून नाणी होती तिथल्या शेजारच्या दोन स्पोकना निपलजवळ (स्पोक रिमला धरून ठेवणारा नट) घट्ट गुंडाळली, पक्कडीने दाबली, वर टेप. चाक बसवलं, स्पीडोच्या गिअरची जीभ खाचेत बसली का ते बघितलं, आणि निघायच्या आधी ब्रेक दहा-बारा वेळा दाबून कडक करून घेतला.

त्याच उतारावर ८० ला परत क्लच दाबला. हँडल शांत. ९० ला थोडी थरथर आहे, पण ती क्लच दाबला की जाते, ती इंजिनची, तिचं माझं काही भांडण नाही. मागचं चाक सध्या करत नाहीये, चेन, ड्रम सगळं काढा, त्यात काका गावाला गेलेत आणि स्प्लेंडर घेऊन गेलेत.