उंची तीच, संख्या निम्मी

पीएचडीचं तिसरं वर्ष, काचेची बारीक नळी मेंदूच्या एकेका सेलला चिकटवून त्याचा करंट मोजायचा होता, सकाळपासून तीन सेल गेले होते, सील लागायचा, म्हणजे नळी घट्ट चिकटायची, पाच मिनिटं बरं चालायचं आणि मग बिघडायचं. चौथा मिळाला तेव्हा साडेचार वाजले होते, रॅटच्या मेंदूचे स्लाइस काही रात्रभर जगत नाहीत, मला टेबलाला हात लावायचीही भीती वाटत होती.

भाग होता पीएजी, म्हणजे मिडब्रेनमधल्या बारीक नळीभोवतीचा राखाडी पट्टा. 1969 मध्ये रेनॉल्ड्सने इथे करंट देऊन, भूल न देता रॅटच्या पोटाचं ऑपरेशन केलं होतं, इतका हा भाग दुखणं दाबतो! मॉर्फिनही इथे काम करतं. पण मॉर्फिन तर सेलला गप्प करतं ना, मग दुखणं दाबणारा भाग त्याने जागा कसा होतो, हे मला आतून कधी पटलंच नव्हतं.

टीटीएक्स हे विष घालून अ‍ॅक्शन पोटेन्शियल, म्हणजे सेलचे विजेचे ठोके, बंद केलेले, सेलला जागं करणारं ग्लुटामेटही ब्लॉक केलेलं, त्यामुळे स्क्रीनवर फक्त गाबाचे, म्हणजे सेलला ब्रेक लावणाऱ्या रसायनाचे, मिनी, दुसऱ्या सेलच्या टोकातली एकेक व्हेसिकल, म्हणजे गाबाची पिशवी, रिकामी झाली की एक खड्डा, झटकन खाली जाणारा आणि सावकाश वर येणारा. दहा मिनिटं बेसलाइन घेतली आणि डॅम्गो सोडलं, ते फक्त म्यू ओपिऑइड रिसेप्टरला धरतं, मॉर्फिनही मुख्यतः त्यालाच धरतं.

तिसऱ्या मिनिटाला खड्डे विरळ व्हायला लागले. पोटात गोळाच आला, हाही गेला! सिरीज रेझिस्टन्स, म्हणजे नळी आणि सेलमधला अडथळा, बघितला तर जागच्या जागी. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, म्हणाल्या, "अगं किती येतायत ते सोड, उंची बघ."

उंची तीच होती. संख्या निम्म्यावर आली होती, पण प्रत्येक खड्डा पहिल्याइतकाच खोल. म्हणजे माझा सेल गाबा पूर्वीसारखाच ऐकत होता, पलीकडचं टोकच कमी सोडत होतं, रिसेप्टर त्या टोकावर होता! मॉर्फिन ब्रेकवरचा पाय उचलतं, आणि मोकळा झालेला सेल खाली मणक्याकडे दुखणं थांबवायचा निरोप पाठवतो. ओपिऑइडला रिसेप्टरवरून हटवणारं नॅलोक्सोन दिलं, हळूहळू खड्डे परत दाट झाले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मॅडमनी 1997 चा नेचरमधला पेपर वाचायला दिला. त्यात हीच टोकं होती, रिसेप्टर लायपॉक्सिजिनेज नावाच्या एन्झाइमच्या वाटेने पोटॅशियम चॅनेल उघडतो, त्याने गाबाचं सुटणं कमी होतं, आणि अ‍ॅस्पिरिनच्या जातीची औषधं दिली की दुसरी वाट बंद होऊन या वाटेला जास्त माल मिळतो, मग ओपिऑइडचा जोर वाढतो. कॅन्सरमध्ये आजीला मॉर्फिनबरोबर साधी डायक्लोफेनॅक, त्याच अ‍ॅस्पिरिनच्या जातीची गोळी, का देतात म्हणून मी डॉक्टरांशी वाद घातला होता, अकरावीत.

नऊ वाजेपर्यंत नळ्या धुतल्या, डॅम्गोचा अंश राहिला तर उद्याची बेसलाइन खोटी येते. मग आईला फोन केला आणि आजीच्या त्या गोळ्यांचं सगळं सांगितलं.